जाळीपेक्षा बारीक

विदर्भाला समुद्र नाही, पण विदर्भाचं पाणी शेवटी समुद्रालाच जातं. चंद्रपूरची इरई वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा गडचिरोलीत चपराळ्याजवळ एक होतात आणि तिथून पुढे त्यांची प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीत शिरते आणि गोदावरी पार आंध्रात, यानमच्या आसपास, कोरिंगाच्या खारफुटीजवळून बंगालच्या उपसागराला मिळते. अकोला-बुलडाण्याकडचं पाणी मात्र उलट्या दिशेनं पूर्णेतून तापीत आणि तापीतून खंभातच्या आखातात. बारावीच्या मुलांना मी दरवर्षी हा प्रवास नकाशावर बोटानं करायला लावते. एरवी खाडी म्हटलं की त्यांना मुंबईची लोकल आठवते. त्या पुलाखालच्या पाण्यात कोणी राहतं, हे त्यांच्या मनातही येत नाही.

माझ्या मनात येतं, कारण एमएस्सीनंतर नोकरी लागेपर्यंत मी पश्चिम किनाऱ्यावरच्या एका खाडीतले नमुने मोजायचं काम केलं आहे. खाडीच्या काठी वीजकेंद्र होतं. खाडीचं पाणी आत घ्यायचं, त्यानं यंत्रं थंड करायची आणि तापलेलं पाणी परत खाडीत सोडायचं, अशी तिथली व्यवस्था. त्या पाण्याचा प्राणिप्लवकांवर, म्हणजे प्रवाहाबरोबर तरंगत जगणाऱ्या बारीक जिवांवर, काय परिणाम होतो ते बघणं चाललं होतं. त्या कामातली सगळ्यात खालची पायरी माझी. बाटल्या यायच्या आणि मी सूक्ष्मदर्शकात डोळे घालून बसायचे. अहवाल पुढे कोणी वाचला ते मला कोणी सांगितलं नाही. पण आता चंद्रपुरात राहते तिथून रोज पाणी गार करणारे कूलिंग टॉवर दिसतात, त्यातून निघणाऱ्या वाफेला लोक धूर म्हणतात, आणि मला अजून त्या बाटल्या आठवतात.

औष्णिक केंद्राला एवढं पाणी कशाला लागतं, हे आमच्या भागात समजावणं फार सोपं आहे. मोहाची गाळताना खालच्या मडक्यात सडवा उकळतो, वाफ वर चढते आणि सगळ्यात वर ठेवलेल्या घमेल्यातल्या थंड पाण्यामुळे तिचे थेंब होतात. घमेल्यातलं पाणी तापलं की उपसून नवं टाकावं लागतं, नाहीतर धार बारीक होते. थर्मलमध्ये तीच गोष्ट. फरक इतकाच की तिथली वाफ टर्बाइन फिरवून आलेली असते आणि तिला गारवा देणारं पाणी हजारो बारीक नळ्यांतून धावत असतं. आमच्या जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती, तरी हे सांगताना ‘कसलं मडकं, मॅडम?’ असं वर्गात एकाही मुलानं कधी विचारलं नाही. त्यावर इथे जास्त बोलणं बरं नव्हे.

कोळसा जाळून जेवढी उष्णता मिळते तिच्यातल्या साधारण एक-तृतीयांश भागाचीच वीज होते. थोडी उष्णता चिमणीतून जाते आणि निम्म्याच्या आसपास या थंड करणाऱ्या पाण्याच्या गळ्यात पडते. पाणी एकदाच वापरून सोडून द्यायचं असेल आणि ते दहा अंशांपेक्षा जास्त तापू द्यायचं नसेल, तर १००० मेगावॅटच्या केंद्राला सेकंदाला सुमारे ३५ घनमीटर पाणी लागतं. फळ्यावर मुलांकडून गुणाकार करून घेतला की दिवसाचा आकडा ३० लाख घनमीटरच्या थोडा वर जातो. म्हणजे तीनशे कोटी लिटर. हा आकडा आला की वर्ग थोडा वेळ गप्प होतो, मग कोणीतरी हमखास म्हणतं, ‘पण मॅडम, पाणी तर परत सोडतात ना?’

परत सोडतात. पाणी म्हणून बघितलं तर खाडीचं काहीच कमी होत नाही. वाळू उपसणारा वाळू नेतो आणि धरण पाणी अडवतं. इथे तर आत गेलं तेवढंच बाहेर येतं, फक्त कोमट होऊन. म्हणूनच या प्रश्नाकडे बराच काळ सगळ्यांनी तापमापी घेऊनच बघितलं. ऊन पाणी खाडीत सोडलं तर कुठपर्यंत पसरतं, किती अंशांनी, किती मीटर. प्रश्न रास्त आहे. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. गोड्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे ८.३ मिलिग्रॅम विरघळू शकतो, ३५ अंशांना ७ च. आणि त्याच वेळी त्या पाण्यातल्या जिवांचा श्वास वाढलेला असतो. पण हे सगळं पाणी बाहेर पडल्यानंतरचं झालं. नळीच्या आत काय घडतं ते तापमापीला दिसत नाही.

खाडीच्या एक घनमीटर पाण्यात काय असतं? सगळ्यात जास्त कोपेपॉड. एक मिलिमीटरच्या आसपासचा, लांब मिशांचा, झटके देत पोहणारा कवचधारी. बहुपेशीय प्राण्यांत संख्येनं त्याच्या तोडीचे जगात फार थोडे असतील. मग कोळंबीसारखे दिसणारे मायसिड, बाणकृमी, छोटे जेली. आणि यांच्यात मिसळलेली दुसऱ्यांची पोरं: कपाळावर लांब काटा असलेलं खेकड्याचं बाळ, कोळंबीच्या अळ्या, शिंपल्यांच्या अळ्या, माशांची पारदर्शक अंडी आणि नुकती फुटलेली, डोळे तेवढे काळे दिसणारी पिल्लं. आमच्या आठवडी बाजारात ताडपत्रीवर सुकटीचा ढीग घेऊन बसणाऱ्या मावशींकडे जो बारीक जवळा मिळतो, तोसुद्धा याच मंडळींतला. तोही प्रवाहाबरोबर वाहणारा आणि कोपेपॉड खाऊन मोठा होणारा. किनाऱ्यावरचे कोळी डोल जाळी लावून तो पकडतात, वाळवतात आणि तो इथपर्यंत येतो. चंद्रपूरच्या ताटात खाडीचं पाणी कांदा-तिखट घालून येतं, एवढं तरी मुलांना पटतं.

किती असतात, हे ऋतूवर आणि जागेवर ठरतं. घनमीटरला हजारांत असणं ही काही मोठी गोष्ट नाही. समजा हजारच धरले, तर त्या ३० लाख घनमीटरमधून दिवसाला तीनशे कोटी जीव पंपात जातात.

पंपाच्या तोंडाशी जाळी असते. तिची छिद्रं साधारण एक सेंटिमीटरची. मोठा मासा तिला आपटतो, अडकतो, मरतो, आणि तो दिसतो. जाळीवरून उतरवलेल्या माशांचा ढीग टोपल्यांनी मोजता येतो, त्याचे फोटो येतात, कोळी ओरडतात. जाळीपेक्षा बारीक जे आहे ते सरळ आत जातं. आधी पंपाची पाती. पुढे दाब वाढतो, मग एकदम उतरतो. मग नळ्या, तिथे काही क्षणांत पाणी आठ-दहा अंशांनी चढतं. बहुतेक ठिकाणी या नळ्यांत क्लोरीनही सोडलेलं असतं.

क्लोरीन कशासाठी, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा हसू आलं होतं. समुद्राच्या पाण्यात कालवं, शिंपले आणि बार्नेकल यांची पिल्लं तरंगत असतात. योग्य जागा मिळाली की ती चिकटतात आणि आयुष्यभर हलत नाहीत. वीजकेंद्राचा पाइप ही उत्तम जागा, कारण अन्न आपोआप वाहत येतं. ती वाढली की पाइप बुजतात. म्हणून क्लोरीन घालतात, म्हणजे प्राणिप्लवकांमधल्या काही पोरांना मारण्यासाठीच ते घातलेलं असतं. ते बार्नेकलच्या अळीला मारेल आणि शेजारच्या कोळंबीच्या अळीला सोडेल, अशी सोय कोणालाच करता आलेली नाही. खाऱ्या पाण्यात तर क्लोरीन तिथल्या ब्रोमाइडशी अभिक्रिया करून ब्रोमीनची संयुगं तयार करतं आणि तीही मारकच असतात. पाणी फार तापत नसेल त्या ठिकाणी उष्णतेपेक्षा क्लोरीननंच जास्त जीव जातात, असं या क्षेत्रात काम केलेल्यांना पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

उष्णतेचा हिशेब जागेप्रमाणे बदलतो. थंड देशात हिवाळ्यात पाणी पाच अंशांचं असेल आणि नळीत ते पंधरा झालं, तर कोपेपॉडला धक्का बसतो, पण तो बहुधा जगतो. आपल्याकडे खाडीचं पाणी मे महिन्यात तिशीच्या वर असतं. त्यात आठ-दहा मिळवा. उष्ण प्रदेशातले जीव उष्णतेला सरावलेले असतात हे खरं, पण ते आधीच आपल्या सहनशक्तीच्या कडेला राहत असतात, त्यांना वर सरकायला जागा थोडी. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात राहणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. ४६ अंशांना आम्ही सरावलो आहोत म्हणून ५४ चालेल, असं कोणी म्हणत नाही.

आता माझ्या बाटल्या. आत जाणाऱ्या पाण्यातून एक नमुना, बाहेर पडणाऱ्या पाण्यातून एक. दोन्हींत जागच्या जागी फॉर्मलिन, म्हणजे नमुना टिकवणारं रसायन, घातलेलं. मी एकेक मिलिलिटर मोजणीच्या काचेवर घ्यायचे. एक मिलिमीटर खोल, हजार चौकोनांची ती काच असते. एकेक चौकोन सरकवत नोंद करायची. आतल्या बाटलीत जेवढे कोपेपॉड, बाहेरच्या बाटलीत जवळपास तेवढेच. थोडे तुटलेले, मिशा गेलेले, शेपटाचे काटे मोडलेले, पण मोजायला पूर्ण. आकडे शेजारीशेजारी मांडले की वाटावं, काहीच झालेलं नाही. फॉर्मलिनच्या बाटलीत सगळेच मेलेले असतात. जाळीत आला तेव्हा तो पोहत होता की नुसताच वाहत होता, हे त्या बाटलीतून सांगता येत नाही.

त्यावर उपाय आहे, आणि तो जुनाच आहे. न्यूट्रल रेड नावाचा रंग जिवंत प्राणी अंगात ओढून घेतो आणि लालभडक होतो. मेलेला फिका राहतो. नमुना घेतल्याबरोबर त्यात हा रंग टाकायचा, थोडा वेळ थांबायचं आणि मगच पुढची प्रक्रिया. शिवाय नळीतून जिवंत निघालेला प्रत्येक जण जगलाच असंही नाही. काही जण तासाभरानं मरतात, काही दुसऱ्या दिवशी. काही जगतात पण अंडी कमी घालतात. काही नुसते भोवंडून पाण्यात पडून राहतात, आणि तेवढ्यात माशांनी खाल्ले जातात. ऊन पाणी बाहेर पडतं त्या तोंडाशी बगळे आणि गळ टाकणारे लोक गर्दी करतात ते उगाच नाही. ‘बघा, इथे किती मासे आहेत’ असं म्हणून तीच गर्दी पुरावा म्हणूनही दाखवली जाते. मेजवानी कशाची चालली आहे, ते कोणी विचारत नाही.

आणखी एक गोष्ट. प्राणिप्लवक दिवसा खोल जातात आणि अंधार पडला की वर येतात. कोणत्याही खोलीवर पंप ठेवा, दिवसाचा आणि रात्रीचा आकडा वेगळा येणार. आमचे सगळे नमुने दिवसाचे होते, कारण गाडी दिवसाची होती. पंप अर्थात चोवीस तास चालतो.

गंमत म्हणजे, विदर्भातल्या खेड्यापाड्यांना प्राणिप्लवक अजिबात नवे नाहीत. माझ्या आधीच्या पिढीला विचारा, नारू म्हणजे काय ते सांगतील. पायातून हळूहळू, दिवसेंदिवस बाहेर निघणारा हातभर लांबीचा जंत, काडीला गुंडाळत काढायचा. त्याची अळी पाण्यातल्या सायक्लॉप्सच्या पोटात वाढायची. सायक्लॉप्स हा कोपेपॉडच, खाडीतल्याचा गोड्या पाण्यातला भाऊबंद. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरलं की रोग्याच्या पायातल्या अळ्या पाण्यात, तिथून सायक्लॉप्समध्ये, तिथून पिणाऱ्याच्या पोटात. म्हणून सरकारनं पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, पाण्यात औषध टाकलं आणि गावोगाव सांगितलं, पाणी दुहेरी फडक्यानं गाळून प्या. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त जाहीर केला. ते काम फार मोठं होतं. पण आमच्या गावांत प्लवकांची सरकारी मोजणी झाली ती या एकाच कारणासाठी, त्यांना संपवायला. त्यानंतर त्यांची विचारपूस करायला कोणी आलं नाही. अपवाद मत्स्यबीज केंद्रांचा. तिथला माणूस तळ्यात शेण आणि भुईमुगाची पेंड टाकतो ती प्लवक वाढावेत म्हणूनच, कारण चार दिवसांच्या मत्स्यजिऱ्याला, म्हणजे माशाच्या इवल्या पिल्लाला, दुसरं काही गिळता येत नाही.

मत्स्यबीजवाल्यांशी बोलताना एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो, आणि गंमत अशी की वीजकंपन्यांच्या तज्ज्ञांनी अमेरिकेत नेमका तोच वापरला होता. एका किलोच्या रोहूच्या पोटात दोन-अडीच लाख अंडी असतात. त्यातली मोठी होतात किती? निसर्ग तसाही जवळजवळ सगळी मारतोच. मग पंपानं थोडी मारली तर बिघडलं काय? उलट गर्दी कमी झाली की उरलेल्यांना जास्त खायला मिळेल. यावर न्यूयॉर्कजवळच्या हडसन नदीच्या खाडीत वर्षानुवर्षं वाद चालला. तिथे काठानं वीजकेंद्रं होती, आणि १९६२ मध्ये स्टॉर्म किंग डोंगरापाशी आणखी एका प्रचंड प्रकल्पाचा प्रस्ताव आला. पट्टेरी बास नावाचा मासा त्या खाडीत अंडी घालतो आणि त्याची अंडी-पिल्लं पंपात जात होती. किती जातात, आणि गेल्यानं माशांची संख्या खरंच घटते का, यावर दोन्ही बाजूंच्या शास्त्रज्ञांनी गठ्ठेच्या गठ्ठे लिहिले. निकाल काही लागेना. शेवटी डिसेंबर १९८० मध्ये तडजोड झाली: स्टॉर्म किंगचा प्रकल्प सोडून द्यायचा, केंद्रांवर कूलिंग टॉवरची सक्ती करायची नाही, पण पिल्लांच्या हंगामात पंप कमी चालवायचे किंवा संच बंद ठेवायचे.

मला ही तडजोड आवडते. तिच्यात कोणाचंच गणित बरोबर ठरलं नाही, पण हंगाम पाळायचा एवढं तरी ठरलं. ‘तसेही मरणारच होते’ हा युक्तिवाद कोपेपॉडच्या बाबतीत थोडाफार खराही आहे. ऊन पाण्यात त्याची पिढी आठवडा-दोन आठवड्यांत तयार होते. पाणी खेळतं असेल तर झीज भरून निघते. वर्षातून एकदाच अंडी घालणाऱ्या माशाच्या पिल्लाला ही सवलत नाही. शिवाय निसर्गानं मारलेलं पिल्लू कोणाच्या तरी पोटात जातं. नळीत मेलेलं बहुतेक गाळात जातं.

आणि पाणी खेळतं असणं ही खाडीतली सगळ्यात फसवी गोष्ट. नदीतलं पाणी केंद्रापुढून एकदा गेलं की गेलं. खाडीत भरती आत ढकलते, ओहोटी बाहेर ओढते, आणि अरुंद खाडीत तेच पाणी पुन्हा पुन्हा पंपाच्या तोंडाशी येतं. सकाळी नळीतून वाचून निघालेला संध्याकाळी परत आत. खाडीच्या प्लवकांनी समुद्रात वाहून जाऊ नये म्हणून एक युक्ती साधली आहे: भरतीच्या वेळी वर यायचं म्हणजे पाणी आत नेतं, ओहोटीला तळाशी जायचं, तिथे प्रवाह मंद असतो. लाखो वर्षांच्या सवयीनं ते खाडी धरून राहतात. ही सवय पंपासमोर त्यांच्या मुळावर येते.

माझ्या एका विद्यार्थ्याचे आजोबा वैनगंगेवर डोंगा घालणारे, ढिवर समाजातले. त्यांना मी एकदा हे सगळं उत्साहानं सांगत बसले होते. त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘बाई, तुमचे किडे मेले तं मेले. पर आमच्या नदीतले झिंगे काऊन कमी झाले, ते सांगा ना.’ उत्तर एका ओळीचं नव्हतं. धरण, शहराचं सांडपाणी, वाळूउपसा, सगळ्यांचा त्यात वाटा. पण त्यांना मी एक गोष्ट सांगितली, ती त्यांना भलतीच आवडली. आमच्याकडचे बारीक झिंगे गोड्या पाण्यातच जन्मतात आणि मरतात. गोदावरीतली एक मोठी कोळंबी मात्र वेगळी. मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनी तिचं नाव. ती नदीत राहते, पण तिच्या अळ्यांना वाढायला निमखारं पाणी लागतं. पावसाळ्यात माद्या खाली खाडीकडे जातात, अळ्या तिथे तरंगत मोठ्या होतात आणि मग बोटभर पिल्लं प्रवाहाविरुद्ध चढत वर येतात. म्हणजे नदीतल्या त्या कोळंबीचं बालपण खाडीतला प्राणिप्लवक म्हणून जातं. १८५२ साली पूर्ण झालेल्या, आंध्रात गोदावरीवरच्या धवळेश्वरमच्या बंधाऱ्यानं तिची वाट अडवली, तो अडथळा वीजकेंद्रांच्या कितीतरी आधीचा. आजोबा म्हणाले, ‘म्हंजे माहेर तिकडं, सासर इकडं.’ याहून चांगलं मला सांगता आलं नसतं.

विदर्भातल्या थर्मलांची गोष्ट खाडीपेक्षा वेगळी आहे, कारण इथे एकदाच वापरून सोडायला पाणीच नाही. इथलं पाणी फिरतं. नळ्यांतून तापून आलेलं पाणी टॉवरमध्ये वरून खाली शिंपडतात, त्यातलं थोडं वाफ होऊन उडतं आणि उरलेलं गार होऊन परत नळ्यांत जातं. उडालं तेवढंच नदीतून किंवा धरणातून नवं घ्यायचं. एका मेगावॅट-तासाला तीन घनमीटर धरलं तर १००० मेगावॅटला दिवसाचे ७२ हजार घनमीटर होतात, खाडीकाठच्या केंद्राच्या अडीच टक्क्यांच्याही आत. पंपात सापडणारे जीव तेवढेच कमी. पण जे सापडतात त्यांच्यातला एकही परत जात नाही. खाडीच्या नळीतून काही जण तरी वाचून निघतात. टॉवरच्या फेऱ्यात, साठत जाणाऱ्या क्षारांत आणि रसायनांत कोणी वाचत नाही. आणि पाणीही परत येत नाही, ते आकाशात जातं.

गोदावरीच्या एकूण प्रवाहात ७२ हजार घनमीटर म्हणजे दिसणारही नाहीत. इरईत मे महिन्यात ते दिसतात. चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता आज २९२० मेगावॅट आहे आणि इरई धरणावर ते चालतं. २०१० च्या उन्हाळ्यात पाणी आटलं तेव्हा तिथले संच बंद ठेवायची वेळ आली होती. मराठवाड्यात परळीचं केंद्र २०१३ मध्ये असंच बंद पडलं. टॉवरनं माशांच्या पिल्लांचा प्रश्न सोडवला आणि त्या जागी गावाच्या पाण्याचा प्रश्न आणला, असं मी वर्गात म्हणते. ‘मग कोणतं बरं, मॅडम?’ असं मुलं विचारतात. खाडीकाठी टॉवर आणि विदर्भात कमी केंद्रं, हे माझं उत्तर. खाऱ्या पाण्याचे टॉवर करता येतात. महाग पडतात, क्षारांचा त्रास होतो, पण करता येतात.

नियम काय म्हणतात ते बघण्यासारखं आहे. जून १९९९ नंतरच्या केंद्रांना नदी-तलावाचं पाणी वापरायचं तर टॉवर बंधनकारक. समुद्राचं पाणी वापरणाऱ्यांना सवलत, पण सोडलेलं पाणी भोवतालच्या पाण्यापेक्षा सात अंशांहून जास्त गरम नको. मोकळं क्लोरीन लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. डिसेंबर २०१५ मध्ये जुन्या केंद्रांनाही टॉवर बसवायला सांगितलं आणि पाण्याची मर्यादा मेगावॅट-तासाला साडेतीन घनमीटर ठरवली. समुद्राच्या पाण्यावरच्यांना पुढे यातून वगळलं. हे सगळे आकडे पाण्याचे आहेत. किती गरम, किती क्लोरीन, किती घनमीटर. त्यातला एकही त्या पाण्यातल्या जिवांचा नाही. सात अंशांचा नियम पाळायचा सोपा मार्ग तर असा, की जास्त पाणी पंपानं ओढायचं म्हणजे ते कमी तापतं. मर्यादा पाळली जाते, आणि जाळीतून आत जाणाऱ्यांची संख्या वाढते, दहा अंशांवरून सातवर आणायचं तर जवळपास दीडपट होते. नियम करणाऱ्यांचा हेतू तसा नसणार. पण तापमापीलाच मालक केलं की असंच होतं.

मला विचाराल तर खाडीकाठच्या प्रत्येक केंद्राच्या नोंदवहीत आणखी एक रकाना हवा. दर पंधरवड्याला, दिवसा आणि रात्री, भरतीला आणि ओहोटीला, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या घनमीटरभर पाण्यात जिवंत किती आणि मेलेले किती, रंग टाकून मोजलेले. वाचलेल्यांतले चोवीस तासांनी उरले किती. त्यातली माशांची आणि कोळंबीची पिल्लं वेगळी. वर्षभर हे केलं की त्या खाडीचा पिल्लांचा हंगाम कोणता ते कळेल, आणि हडसनवर जमलं तसं त्या आठवड्यांत पंप कमी करायचं बोलणं तरी सुरू होईल. दोनशे मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या पाचव्या भागाच्या, छिद्रांची जाळी, न्यूट्रल रेडची बाटली, बर्फाची पेटी आणि रात्रीची गाडी, एवढंच सामान लागतं. केंद्राच्या एका दिवसाच्या कोळशापुढे त्याचा खर्च सांगण्याइतकाही नाही.